आधी तिथी, मग किनारा: कुत्र्याला घेऊन कोकणात चालायला जाताना

आजच्या भागात माझ्या पायाशी बुंदी बसलीये. मध्येच कुठे घोरल्याचा आवाज आला तर तो माझा नाही, हे आधीच सांगून ठेवते. बुंदी म्हणजे आमची सहा वर्षांची गावठी कुत्री. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके, म्हणून बुंदी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली, आता पलंगावर झोपते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हीच गोष्ट असणार.

सुट्ट्या जवळ आल्या की मला एक प्रश्न हमखास येतो. "कुत्र्याला घेऊन कोकणात जायचंय, कुठला बीच चांगला?" आज त्याचं नीट उत्तर देते. पण आधीच सांगते, 'कुठे' हे नंतर बघू. आधी 'कधी' ते ठरवायचं. हे मला एका फेब्रुवारीत कळलं, आणि कळेपर्यंत बुंदी जवळजवळ हातातून गेली होती. तर तिथूनच सुरू करूया.

तेरस होती, आम्हाला माहीत नव्हतं

दापोली तालुक्यातलं एक छोटं गाव. मी, दादा आणि बुंदी. शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी सकाळी सातला किनाऱ्यावर. छान गार वारा, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. वाळूच्या टोकाला काळ्या खडकांचं एक नाक समुद्रात घुसलेलं होतं आणि त्याच्या पलीकडे दुसरी पुळण दिसत होती. नाकाच्या पायथ्याने चालत जाता येत होतं. आम्ही गेलो. पलीकडची पुळण इतकी सुंदर की तासभर तिथेच रमलो. बुंदी खेकड्यांच्या मागे, दादा फोटोंच्या मागे.

पावणेनऊला परत आलो तर वाट गायब. जिथून कोरड्या पायांनी आलो होतो तिथे कमरेएवढं पाणी आणि खडकांवर लाटा आपटतायत. दादा म्हणाला, "थांबू, उतरेल." आम्ही अर्धा तास थांबलो. पाणी वाढतच गेलं. मग ठरवलं की वर चढायचं, सड्यावरून फिरून गावात उतरायचं. वरून गाव दिसतच होतं, वीस मिनिटांचं काम वाटलं.

लागले दोन तास. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, सावली नाही. फेब्रुवारीतही दहा वाजता तो कातळ तव्यासारखा तापायला लागतो. आमच्या पायात बूट होते. बुंदीच्या पायात काही नव्हतं. पाण्याची एकच बाटली, ती आम्ही पुळणीवरच संपवलेली. आधी ती पाय उचलून उचलून चालायला लागली. मग जीभ पार बाहेर, लाळ घट्ट, डोळे वेगळेच. मग एका काजूच्या झाडाखाली बसली ती उठेचना. हाक मारली तर मानही वळवेना.

दादाने तिला उचललं. अठरा किलोचं कुत्रं उचलून उतार उतरणं काय असतं ते त्यालाच विचारा. खाली पहिल्या घराच्या अंगणात एक आजी सुपारी वाळत घालत होत्या. त्यांनी एक नजर टाकली, आत गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. काही न विचारता पाणी बुंदीच्या पोटावर, मांड्यांवर, पंजांवर ओतायला लागल्या. मला म्हणाल्या, "वारा घाल गो, बघत काय राहिलीस." मी सुपाने वारा घातला. दुसरी कळशी, तिसरी कळशी. पंधरा-वीस मिनिटांनी बुंदीने शेपटी एकदाच, अगदी थोडी हलवली. मी तिथेच रडले.

मग आजींनी विचारलं कुठून आलात. आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज तेरस ना? मग पावणेदहाला पूर्ण भरती. एवढं तर विचारायचं कुणाला."

पावणेदहा. घड्याळ नाही, मोबाईल नाही, ॲप नाही. तेरस म्हटल्यावर पावणेदहा. मला काही सुधरेना, पण तेव्हा विचारायची स्थिती नव्हती. त्यांच्या मुलाने आम्हाला गाडीपर्यंत सोडलं, आम्ही तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेलो, सलाईन लागलं, पंजांना मलम लागलं. बुंदी वाचली. दुसऱ्या दिवशी आजींना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी हिशेब शिकवला.

पाऊणपटीचा हिशेब

हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मासेमारी करणाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. करायचं एवढंच: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल त्या सुमाराला पूर्ण भरती.

चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनला भरती. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. त्रयोदशी? तेराची पाऊणपट पावणेदहा. झालं! पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

यामागचं कारणही सोपं आहे. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते, आणि चंद्र रोज आकाशात साधारण पन्नास मिनिटं उशिरा त्याच जागी येतो. म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. मोजायला सोपं म्हणून जुन्या लोकांनी पाऊण धरलं.

आता हा अंदाज आहे हं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. म्हणून फोनवर भरती-ओहोटीचं ॲप ठेवाच. पण रेंज गेली, बॅटरी संपली, तरी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून तुम्हाला कळलं पाहिजे की आज समुद्र कधी वर येणार.

आणि यातूनच आपल्याला सुट्टी ठरवता येते. नीट ऐका, हा आजच्या भागाचा गाभा आहे.

पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळची ओहोटी साधारण साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान असते. म्हणजे उजाडताना समुद्र मागे गेलेला, ओली घट्ट वाळू लांबवर पसरलेली आणि ऊन अजून कोवळं. कुत्र्याला चालवायला याहून चांगली वेळ नाही. शिवाय या दिवसांत उधाण असतं. म्हणजे भरतीला पाणी खूप वर येतं, पण ओहोटीला खूप खालीही जातं.

त्रयोदशी-चतुर्दशीला सकाळी घात, पण संध्याकाळ मस्त. चार-पावणेपाचला ओहोटी लागते, पाचला निघालात तर सूर्यास्तापर्यंत चालायला भरपूर वाळू. आमच्या त्या शनिवारी आम्ही सकाळऐवजी संध्याकाळी गेलो असतो तर हा किस्सा घडलाच नसता.

सप्तमी-अष्टमी-नवमीला मात्र उलटं. सकाळी सहाला समुद्र वर, संध्याकाळी सहाला समुद्र वर, आणि वाळू मोकळी कधी? भर दुपारी बाराला. कुत्र्यासाठी तीच सगळ्यात वाईट वेळ. या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती फार चढत नाही, त्यामुळे रुंद किनाऱ्यावर चालतं. पण अरुंद पुळण, खडकाचं नाक, असलं काही या दिवसांत नकोच. आणि भरतीच्या उंचीचं म्हणाल तर मुंबईकडे ती जास्त असते, खाली मालवण-गोव्याकडे कमी होत जाते. तरी खडकांच्या पायथ्याची वाट दोन्हीकडे तितकीच बुडते.

खडकाला वळसा घालायचाच असेल तर नियम एक: पाणी उतरत असताना जायचं आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत परत फिरायचं.

कुत्र्याला घाम येत नाही

दुसरं वेळापत्रक उन्हाचं. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, म्हणून आपण उन्हात तग धरतो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांना. बाकी सगळं गार होणं धापा टाकून. कोकणात हवा दमट, त्यामुळे धापा टाकूनही अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत तासभर धावणारं कुत्रं इथे वीस मिनिटांत थकतं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर अजून कठीण. हस्की घेऊन एप्रिलमध्ये किनाऱ्यावर जाऊ नका. कृपया.

तळहाताची मागची बाजू वाळूवर किंवा कातळावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. साधारणपणे सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत कोरड्या वाळूवर नेऊ नका.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४च्या पुढे गेलं की धोका सुरू, १०६ला आत अवयव निकामी व्हायला लागतात. लक्षणं मी वर सांगितली तीच: थांबत नाही अशी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांडी, उलटी, हाकेला प्रतिसाद नाही. अशा वेळी आजींनी केलं तेच करायचं. सावली, साधं गार पाणी अंगावर सतत ओतत राहायचं, विशेषतः पोट आणि मांड्यांवर, आणि वारा घालायचा. बर्फ चोळत बसू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता अडकते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी गार करा, मग गाडीत घाला, आणि शुद्धीवर आलं तरी डॉक्टरांकडे न्याच. वरून बरं दिसणारं कुत्रं आतून दुसऱ्या दिवशी बिघडू शकतं.

आणि पाणी. कुत्रं तहानलं की समुद्राचं पाणी पितं. दोन-चार घोटांनी जुलाब-उलट्या, जास्त प्यायलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. म्हणून माणशी एक बाटली असेल तर कुत्र्याची वेगळी एक, आणि दर पंधरा मिनिटांनी पाजायचं. परत आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ. मीठ अंगावर वाळलं की खाज सुटते.

मर्यादवेलीच्या खालून

आता हा भाग सांगताना मला अजूनही लाज वाटते.

वरच्या प्रकारानंतर पुढच्या वर्षी आम्ही गुहागरकडे गेलो. तिथी बघून, ओहोटी बघून, पाणी घेऊन, एकदम शहाण्यासारखे. पहाटे किनाऱ्यावर कोणी नव्हतं म्हणून मी बुंदीची लीश सोडली. ती वरच्या कोरड्या वाळूत धावत गेली आणि उकरायला लागली. मी हसत व्हिडिओ काढत होते. लांबून एक मुलगा ओरडत धावत आला, हातात काठी आणि बादली. माझ्याच वयाचा असेल. तो कासवमित्र होता, पहाटेची गस्त घालत आला होता. मी वाळूवरच्या ज्या खुणा ट्रॅक्टरच्या चाकाच्या समजत होते त्या रात्री येऊन गेलेल्या मादी कासवाच्या होत्या. बुंदी तिच्या घरट्यावर होती.

दोन अंडी फुटली होती. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, मऊ कवचाची. बाकीची त्याने हाताने एकेक काढून बादलीत ठेवली, हॅचरीत पुरायला. मी सॉरी म्हणत राहिले. तो म्हणाला, "ताई, तुमची एकटीच आहे. सुट्टीत असे वीस येतात, आणि गावातले वेगळे."

ही ऑलिव्ह रिडले कासवं. कोकण किनाऱ्यावर ती साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वर येतात, दीड फुटाचा खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. पिल्लं साधारण दीड ते दोन महिन्यांनी बाहेर येतात, म्हणजे मे महिन्यापर्यंत कुठे ना कुठे घरटं असतंच. एकेकाळी ही अंडी माणसं खात, विकत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांसोबत संरक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते वनविभागाच्या मदतीने बऱ्याच किनाऱ्यांवर पसरलं. अंडी हॅचरीत हलवण्यामागे एक मोठं कारण काय आहे माहितीये? कोल्हे आणि कुत्रे. वन्यजीव कायद्यात हे कासव अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. "माझं कुत्रं काही करत नाही हो" हे वाक्य तिथे चालत नाही. माझंही काही करत नव्हतं.

मग काय करायचं? किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर एक वेल पसरलेली दिसेल. आपट्यासारखी दुभंगलेली जाडसर पानं, जांभळी फुलं. तिचं नावच मर्यादवेल. समुद्राची मर्यादा सांगणारी. ती मर्यादा आपल्या कुत्र्यालाही लावायची. किनाऱ्यावर उतरण्याच्या वाटेने थेट खाली यायचं आणि ओल्या वाळूवरूनच चालायचं. घरटी वर कोरड्या वाळूत असतात. नोव्हेंबर ते मे लीश सोडायची नाही. लांब लीश मिळते, पाच-दहा मीटरची, ती घ्या. कुत्र्याला पळायला मिळतं, तुमच्या हातातही राहतं.

थंडीत ओहोटीच्या रेषेवर पक्ष्यांचे थवेही बसलेले असतात. कुरव, सुरय, छोटे चिखले. त्यातले कितीतरी लडाख-तिबेटकडून, मध्य आशियातून येतात. त्यांच्यात कुत्रं सोडून थवा उडवला की रील झकास येते, हे खरं. पण त्या पक्ष्यांचं खाणं आणि आराम मोडतो, आणि परतीच्या प्रवासाची शिदोरी ते इथेच गोळा करत असतात. लांबून वळसा घाला.

किनारा कुणाच्या तरी कामाची जागा आहे

सकाळी काही किनाऱ्यांवर रापण ओढतात. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत जाळं वर आणतात. तिथे कुत्रं नेऊ नका. एक तर त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे, आणि दुसरं, जाळ्यातून फेकून दिलेले मासे. त्यात केंड मासा असू शकतो, तो फुगणारा, काटेरी. तो विषारी. मेलेला, वाळलेलाही कुत्र्याने खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. शिंगाळ्याचे काटे पंजात घुसतात. वाळूवर पडलेली जेलीफिश मेली तरी डंख करते. म्हणून कुत्र्याला 'सोड' हा एक शब्द घरून शिकवून न्या. बाकी काही आलं नाही तरी चालेल.

मासे वाळत घातलेले असतात तिथूनही लांब. आणि घाण उचलायची. वाळूत पुरायची नाही! कुत्र्याच्या विष्ठेतल्या हुकवर्मच्या अळ्या वाळूत जगतात आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीत शिरतात. तिथे अनवाणी कोण चालतं? कोळणी, गावची पोरं. पिशवी बांधून परत न्या.

गावकुत्र्यांचं म्हणाल तर प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. समोरून चार जण आले तर पळू नका, ओरडू नका, आपल्या कुत्र्याला जवळ घेऊन शांतपणे आल्या वाटेने मागे फिरा. हद्द संपली की ते बहुतेक वेळा थांबतात. रेबीजची लस घेतलेली असावी आणि त्याचं कार्ड फोनमध्ये असावं.

होमस्टेला फोन करताना फक्त "कुत्रा चालेल का" एवढंच विचारू नका. "तुमच्याकडे कोंबड्या आहेत का? घरचं कुत्रं आहे का? मांजर?" हेही विचारा. बुंदीने एकदा एक कोंबडी पळवली, आम्हाला दिलगिरी आणि कोंबडी दोन्हींची किंमत मोजावी लागली. आणि रात्री कुत्र्याला अंगणात किंवा व्हरांड्यात बांधू नका. कोकणात बिबटे आहेत, आणि कुत्रं हे त्यांचं सोपं खाणं. घरमालक म्हणाले की "आत घ्या, वाघरू येतं", तर ती गंमत नसते.

सड्यावर जायचंच असेल तर थंडीत, अगदी सकाळी, मळलेल्या वाटेने. रत्नागिरीकडचे सडे कातळशिल्पांमुळे आता बरेच जण बघायला जातात. चित्रांवर कुत्रं फिरवू नका, दगड उलथू देऊ नका. दगडाखाली फुरसं असतं. एवढंसं दिसतं, पण अत्यंत विषारी, आणि या भागात भरपूर. परत आल्यावर कानात, बोटांच्या मधे कुसळं आणि गोचिड्या तपासा.

आता 'कुठे'

एवढं ऐकून घेतलंत म्हणून आता जागा सांगते.

गुहागर. पाच-सहा किलोमीटरची सरळसोट वाळू, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि सुरूची झाडं. मधे वाट अडवणारं खडकाचं नाक नाही, त्यामुळे भरतीत अडकायची भीती कमी. वाड्यांमधल्या कुठल्याही पाखाडीने उतरा, तासभर चाला, दुसऱ्या पाखाडीने वर या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. कासवांच्या हंगामात वनविभागाने कुंपण केलेला भाग सोडून.

भाट्ये, रत्नागिरी शहराला लागून. खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच. छोटी चाल, मागे सुरूचं बन, दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. वयस्क कुत्र्यांना एकदम योग्य, आणि जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे डॉक्टर जवळ. फक्त खाडीच्या मुखाशी पोहायला सोडू नका. ओहोटीला तिथे ओढ जबरदस्त असते.

कर्दे-मुरुड, दापोली तालुका. महर्षी कर्व्यांचं मुरुड. सुट्टीत मुरुडच्या बाजूला गाड्या, घोडे, पॅरासेलिंग असा गोंधळ असतो, म्हणून सकाळी कर्द्याच्या बाजूने सुरुवात करा आणि गर्दी व्हायच्या आत मागे फिरा.

तळाशील-तोंडवळी, मालवण तालुका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्यावर माणसांची घरं. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी खातो, तिथल्या लोकांना दरवर्षी त्याची धास्ती. इथे चालताना आवाज कमी, लीश छोटी. ही त्यांची अंगणं आहेत.

आणि कुत्र्याला घेऊन कुठे जायचं नाही? हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट: खडकाळ, भरतीला बुडते, आणि ती देवाची वाट आहे. हेदवीची बामणघळ: निसरडे कातळ आणि घळीतून उसळणारं पाणी. गणपतीपुळ्याला देवळासमोर: गर्दी, आणि तिथला समुद्र भल्याभल्या पोहणाऱ्यांना ओढून नेतो. आणि जून ते सप्टेंबर कुठलाच समुद्र नको. पावसाळ्यात लांबून बघा, भजी खा.

जायचं कसं? स्वतःची गाडी असेल तर घाट उतरण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नका. ताम्हिणी आमच्या सीटने अनुभवलाय. बागमांडला-वेश्वी किंवा धोपावे-दाभोळसारख्या फेरीबोटीवर कुत्र्याला गाडीतच, खिडकी अर्धी उघडी ठेवून, तुमच्याजवळ बसवा. इंजिनाच्या धडधडीला घाबरून उडी मारणारी कुत्री असतात. रेल्वेने फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच कुत्रं सोबत डब्यात नेता येतं. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि ते मी कुणाला सुचवणार नाही.

निघण्याआधी फोनमध्ये तीन गोष्टी सेव्ह करा: त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा, तालुक्याच्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर, लसीचं कार्ड. सरकारी दवाखाने प्रामुख्याने गुरांसाठी असतात, पण सलाईन लावायची वेळ आली तेव्हा आमच्या कामी तसेच एक डॉक्टर आले होते.

शेवटचं

आम्ही दरवर्षी त्या आजींकडे जातो. या वेळी गेलो तेव्हा मी शहाणपणा दाखवत म्हटलं, "आजी, आज द्वितीया, म्हणजे दीडला भरती आणि पावणेआठला ओहोटी, बरोबर?" आजी म्हणाल्या, "बरोबर. पण वारा बघितलास?" वारा जोराचा असला की पाणी हिशेबापेक्षा वर येतं म्हणे. म्हणजे अजून शिकायचंय.

बुंदीला मात्र हिशेबाशी काही देणंघेणं नाही. तिला त्या अंगणात शिरताना फक्त एवढं आठवतं की इथे पाणी मिळालं होतं. ती सरळ जाऊन आजींच्या पायाशी बसते. त्या काजूच्या झाडाकडे ती अजूनही वळत नाही.

तर मंडळी, पुढच्या सुट्टीचं बुकिंग करण्याआधी शनिवार-रविवार बघाल, तेव्हा त्या चौकोनातली तिथीही बघा. पाऊणपट करा. जमत असेल तर शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवार जा. आणि जमलंच नाही, अष्टमीच आली, तर किनाऱ्यावरची दुपार सोडा, अंगणात सावलीत लोळा. कुत्र्यालाही तेच आवडतं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत बुंदीकडून एक जांभई, आणि माझ्याकडून नमस्कार!